छातीतला डाग : दिसणे वेगळे, ओळखणे वेगळे

वस्तीत कुणाच्या छातीच्या फोटोत डाग निघाला की संध्याकाळपर्यंत गल्लीभर बातमी होते. "त्याला टीबी झालाय." घरात त्याचे ताट-पेला वेगळे निघते. मुलीचे लग्न ठरत असेल तर फिल्म कपाटात कपड्यांखाली जाते. आणि बहुतेक वेळा त्या माणसाची थुंकी अजून तपासायलाही गेलेली नसते. दुसऱ्या बाजूला, दोन-दोन महिने खोकणारा माणूस मेडिकलमधून खोकल्याची बाटली आणून पितो, पण फोटो काढायला जात नाही. "काढला तर काहीतरी निघेल," ही भीती.

दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. फोटो म्हणजेच निकाल, असे आपण धरून चाललो आहोत. माझे म्हणणे असे की फोटो लवकर काढला पाहिजे आणि फोटोवर थांबता कामा नये. फोटो फक्त डाग दाखवतो. त्या डागाचे नाव दुसऱ्या तपासणीतून कळते. नाव चुकले तर सहा महिन्यांचे औषध फुकट जाते, खरा रोग आत वाढत राहतो, आणि काही कामगारांच्या बाबतीत हक्काची भरपाईही बुडते.

फोटोत नेमके काय दिसते?

१८९५ साली जर्मनीत विल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले. त्यांनी त्यावर पेटंट घेतले नाही, ते जगाला खुले ठेवले. या किरणांचे काम सरळ आहे. हवेतून ते आरपार जातात, तिथे फिल्म काळी होते. हाड त्यांना अडवते, तिथे फिल्म पांढरी राहते. फुप्फुसात हवा भरलेली असते म्हणून ते काळे दिसते. त्यात कुठे पू, पाणी, गाठ किंवा बऱ्या झालेल्या जखमेचा व्रण असेल तर तिथे पांढरट ठिपका किंवा ढगासारखा पट्टा उमटतो. म्हणजे आपण ज्याला डाग म्हणतो तो फिल्मवर काळा नसतो, पांढरा असतो.

किरणांना एवढेच कळते की इथे काहीतरी घट्ट आहे. ते कशाने झाले, हे त्यांना कळत नाही. शिवाय फोटो सपाट असतो. बरगड्या, गळ्याजवळचे हाड आणि हृदय यांच्या आड लहान डाग लपू शकतो. मानेच्या गाठीचा, मणक्याचा किंवा गर्भाशयाचा टीबी असेल तर छातीचा फोटो स्वच्छ येऊ शकतो. म्हणून "फोटो चांगला आला, आता चिंता नाही" हेही नेहमी खरे नसते. त्रास चालूच असेल तर पुन्हा डॉक्टरकडे गेलेच पाहिजे.

तरीही फोटो काढायचाच

२०१९ ते २०२१ या काळात देशभर क्षयरोगाची पाहणी झाली. लोकांना खोकला, ताप, वजन घटणे याबद्दल विचारले गेले आणि सोबत छातीचा फोटोही काढला गेला. जे क्षयरोगी सापडले त्यांपैकी सुमारे ४३ टक्के असे होते, की फक्त लक्षणे विचारून थांबले असते तर ते सुटून गेले असते. फोटोमुळे ते सापडले. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्यांना लक्षणे होती त्यांतले ६४ टक्के लोक कुठल्याच दवाखान्यात गेलेले नव्हते.

हे आकडे आपल्या घराला लावून बघा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे झोपतात, खिडकी एक, तीही शेजारच्या भिंतीवर उघडते. टीबीचा जंतू हवेतून पसरतो. जिथे ऊन आणि वारा नाही तिथे तो टिकून राहतो. मुंबईत गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना चिकटून बांधल्या आहेत. तिथल्या कमी उजेडाचा, कमी हवेचा आणि टीबीचा संबंध अभ्यासकांनी दाखवून दिला आहे. अशा ठिकाणी राहणाऱ्याने खोकल्याची वाट बघत बसणे परवडणारे नाही. घरात एकाला टीबी निघाला तर बाकीच्या सगळ्यांची तपासणी झाली पाहिजे.

किरणांची भीती अनेकांना वाटते. छातीच्या एका साध्या फोटोत जेवढे किरण अंगावर पडतात, तेवढे निसर्गातून आपल्यावर साधारण दहा दिवसांत पडतच असतात. गरोदर बाईने मात्र आधी तसे सांगावे. सीटी स्कॅनमध्ये किरण पुष्कळ जास्त असतात. तो आपणहून मागू नये, पण डॉक्टरने कारण सांगून लिहून दिला तर टाळूही नये. त्यात छातीचे पातळ पातळ थर वेगवेगळे दिसतात, आणि साध्या फोटोत हाडाआड लपलेला डागही सापडतो.

एकच डाग, नावे अनेक

आता मुख्य मुद्दा. फुप्फुसाच्या वरच्या भागातला डाग किंवा पोकळी बघितली की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा येतो. तो बरोबरही आहे, कारण रोग इथे फार आहे. पण संशय म्हणजे निदान नव्हे. न्यूमोनियातही डाग येतो, तो औषधाने काही आठवड्यांत विरतो. पंधरा वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या टीबीचा व्रण जन्मभर फिल्मवर दिसत राहतो. तो बघून पुन्हा सहा महिन्यांचे औषध सुरू झालेली माणसे आहेत. फुप्फुसाचा कॅन्सरही असाच डाग म्हणून दिसतो. बिडी ओढणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा कॅन्सर टीबी समजला गेला तर मोलाचे महिने हातचे जातात, आणि ते पुन्हा मिळत नाहीत.

"औषध मोफत आहे, घेऊन टाकले तर बिघडले कुठे?" असे म्हणणारे भेटतात. बिघडते. टीबीची औषधे लिव्हरला त्रास देऊ शकतात. ज्याला तो रोगच नाही त्याने ती का सोसावीत? आणि ज्याला खरोखर टीबी आहे, पण नेहमीच्या औषधाला दाद न देणारा आहे, त्याचेही फोटोवरून कळत नाही. दोघांच्या फिल्म सारख्याच दिसतात.

म्हणून थुंकीची तपासणी. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर जंतू आहे की नाही ते काही तासांत कळते, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल की नाही हेही कळते. यातले ट्रूनॅट यंत्र गोव्यात बनते. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत आहे. नमुना तोंडातल्या लाळेचा नको, छातीतून खोकून काढलेला बेडका हवा. सकाळी उठल्याबरोबरचा सगळ्यांत चांगला. गाठीचा संशय असेल तर सुईने तुकडा काढून तपासतात. बायोप्सी केल्याने कॅन्सर पसरतो ही समजूत डोक्यातून काढून टाका. तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सरचे नावही ठरत नाही आणि उपचारही.

काही रुग्णांच्या थुंकीत जंतू सापडत नाही, आणि डॉक्टर फोटो, लक्षणे व बाकीच्या तपासण्या एकत्र बघून औषध सुरू करतात. ते रीतसर आहे. तेव्हा हा लेख वाचून कुणीही चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये. माझा आक्षेप आहे तो फोटो खिडकीसमोर धरून दोन मिनिटांत चिठ्ठी लिहिण्यावर.

धुळीचा डाग

आपल्या वस्त्यांत बांधकामावरचे बिगारी आहेत, खाणीत आणि क्रशरवर राबणारे आहेत, फरशी कापणारे, दगड घडवणारे आहेत. दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत जाऊन बसते. त्यातून सिलिकोसिस होतो. फिल्मवर दोन्ही बाजूंना, जास्त करून वरच्या भागात, बारीक बारीक ठिपके दिसतात. दम लागतो, खोकला येतो, वजन उतरते. सगळे टीबीसारखेच. म्हणून असे कामगार टीबीचे औषध एकदा, दोनदा, तीनदा घेतात आणि बरे होत नाहीत. शेवटी सगळे म्हणतात, "दारू पीत असणार, गोळ्या चुकवत असणार."

इथे डागाचे नाव बदलले की दोष कुणाचा तेही बदलते. टीबी म्हटले तर माणसाचे राहणे-खाणे काढले जाते. सिलिकोसिस म्हटले तर विचारावे लागते, की धूळ कुणाच्या कारखान्यातली, पाणी मारून कापायची सोय का नव्हती, मास्क कुणी द्यायचा होता? कामगार भरपाईच्या कायद्यात सिलिकोसिस हा कामातून होणारा रोग म्हणून नोंदलेला आहे. पण त्याचे निदान फोटो आणि कामाचा इतिहास, दोन्ही मिळून होते. केसपेपरवर नुसते "मजुरी" लिहिले असेल तर अर्धे निदान तिथेच मेले. "अकरा वर्षे ग्रॅनाइट कापतो" असे लिहून घ्या. सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याचा धोकाही जास्त असतो, त्यामुळे दोन्ही तपासायलाच हवेत.

यंत्र दारात आले, पुढे काय?

आता हातात धरून नेता येईल असे एक्स-रे यंत्र निघाले आहे. ७ डिसेंबर २०२४ ला देशात सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या टीबी मोहिमेत ते वस्त्यांत फिरले. फोटो वाचायला संगणकाचे सॉफ्टवेअरही आले आहे. पंधरा वर्षांवरील लोकांच्या टीबीच्या चाळणीसाठी ते वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. रेडिओलॉजिस्ट जिथे पोहोचत नाही तिथे ही मोठी सोय आहे, आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. पण सॉफ्टवेअरही "संशय आहे" एवढेच सांगते. गाडी आली, शंभर जणांचे फोटो निघाले, पाहुण्यांसोबत छायाचित्र झाले आणि गाडी गेली. संशयित निघालेल्या बारा जणांच्या थुंकीचे काय झाले ते कुणालाच ठाऊक नाही, असे शिबिर वस्तीच्या कामाचे नाही.

जयंतीला आपण बीपी-शुगरचे शिबिर घेतोच. यंदा महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या क्षयरोग अधिकाऱ्यांना लेखी अर्ज देऊन छातीच्या फोटोचे यंत्र मागा. अर्जात दोन गोष्टी घाला. संशयितांची थुंकी त्याच दिवशी घेतली जावी, आणि प्रत्येकाचा रिपोर्ट त्याच्या हातात मिळावा. मंडळाच्या दोन-तीन पोरा-पोरींनी आशाताईंसोबत पुढचे दोन आठवडे पाठपुरावा करावा. नावे मात्र गुप्त राहिली पाहिजेत. ज्यांना टीबी निघेल त्यांना उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेचे महिना हजार रुपये मिळायला हवेत. ते खात्यात येतात की नाही हेही बघावे. १८००-११-६६६६ हा टीबीचा सरकारी मोफत दूरध्वनी आहे.

घरात जुन्या फिल्म असतील तर त्या पत्र्याच्या फटीत कोंबू नका, पोरांना ग्रहण बघायला तर मुळीच देऊ नका. त्याने डोळे जातात. डाग दोन वर्षांपूर्वी एवढाच होता की वाढला आहे, हे जुनी फिल्म शेजारी ठेवली तरच कळते. नाव आणि तारीख घालून त्या पिशवीत सपाट ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. आणि डॉक्टरसमोर बसलात की घाबरू नका, नम्रपणे तीन प्रश्न विचारा. हा डाग कशाचा असू शकतो? ते नक्की करायला कोणती तपासणी लागेल? औषध चालू केल्यावर फरक पडला नाही तर पुन्हा कधी यायचे? हे विचारणे म्हणजे डॉक्टरचा अपमान नव्हे. छाती आपली आहे, आणि तिच्यात काय आहे ते कळण्याचा हक्कही आपला आहे.