निवृत्तीनंतरचे प्रकरण

मराठीतील स्त्रियांची आत्मचरित्रे आता अभ्यासक्रमांत स्थिरावली आहेत. त्यांवर प्रबंध होतात, चर्चासत्रे होतात, परीक्षेत हमखास प्रश्न येतात. तरीही एक साधी गोष्ट आपल्या वाचनातून निसटते. यांपैकी पुष्कळशी पुस्तके उतारवयात लिहिली गेली आहेत. जिची हकिकत सांगितली जाते ती मुलगी, सून वा पत्नी आणि जी सांगते ती साठीच्या आसपासची स्त्री, यांच्यात तीस-चाळीस वर्षांचे अंतर असते. वर्गात आपण पहिलीचा परिचय करून देतो. दुसरीची चौकशीही करीत नाही. हे वाचन अपुरे आहे, आणि त्याचा परिणाम आज लिहू पाहणाऱ्या वृद्ध स्त्रियांवरही होत आहे, असे आमचे मत आहे.

आरंभ रमाबाई रानड्यांपासून करू. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली, गोपाळ कृष्ण गोखले यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. न्यायमूर्तींचे निधन १९०१ चे. पुस्तक तेथेच संपते. पण रमाबाई पुढे १९२४ पर्यंत जगल्या. पुस्तक निघाले तेव्हा मुंबईचे सेवासदन १९०८ मध्ये आणि पुण्याचे १९०९ मध्ये सुरू झालेले होते. म्हणजे ज्या कामामुळे त्यांना स्वतःच्या नावाने ओळखले जाते, ते कामच त्यांच्या आठवणींत नाही. शीर्षकातला ‘आमच्या’ हा शब्द पतीच्या निधनापर्यंतच पुरला. त्या काळाचा संकोच आम्ही समजू शकतो. मात्र त्यातून एक साचा तयार झाला: पतीचे आयुष्य संपले की स्त्रीची कथाही संपते.

हा साचा लक्ष्मीबाई टिळकांनी मोडला. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये आला तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. रेव्हरंड टिळकांचे निधन १९१९ चे; पण निवेदन तेथे थांबत नाही. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे करण्याचे काम लक्ष्मीबाईंनीच केले. ‘स्मृतिचित्रे’तील विनोदाबद्दल आपण भरभरून बोलतो, पण तो कोणत्या वयाचा विनोद आहे हे विचारीत नाही. वडिलांचे कडक सोवळेओवळे, पतीचे वारंवार घर सोडून जाणे, त्यांच्या धर्मांतरानंतरची वियोगाची वर्षे, हे सारे भोगताना हसू येण्यासारखे नव्हते. हसू आले ते नंतर, जेव्हा कोणाचा राग उरला नव्हता आणि कोणाचे भयही उरले नव्हते. ज्याला आपण शैलीचा गुण म्हणतो, तो वार्धक्याने दिलेल्या अंतराचाही गुण आहे.

सुनीताबाई देशपांड्यांचे ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आले, त्यांच्या चौसष्टाव्या वर्षी. पुस्तक गाजले, पण किती वाचकांनी ते सुनीताबाईंसाठी वाचले आणि किती जणांनी पु. ल. घरात कसे होते हे पाहण्यासाठी? वादही बहुतांशी त्याच अंगाने झाला. ‘सोयरे सकळ’, ‘मण्यांची माळ’, ‘मनातलं अवकाश’ ही त्यांची पुढील पुस्तके म्हणजे साठीनंतर घडलेली एक स्वतंत्र लेखिका होय. त्यांचा विचार मात्र त्या मानाने फारच थोडा झाला.

दलित स्त्रियांच्या आत्मकथनांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. शांताबाई कांबळे शिक्षण खात्यातील नोकरीतून १९८१ मध्ये निवृत्त झाल्या, आणि त्यानंतर ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ लिहिती झाली. पुस्तक १९८६ चे. येथे निवृत्तीतच लेखनाचा जन्म झाला. बेबीताई कांबळ्यांना अशी मोकळीक नव्हती. फलटणच्या दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून त्यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिले. पतीकडून झालेली मारहाण त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितली, पुस्तकात नाही. कोणत्या वयात, कोणाच्या नजरेसमोर लिहिले, यावर काय लिहिले जाईल हे अवलंबून असते, याचा याहून स्पष्ट दाखला आम्हांला ठाऊक नाही.

‘निवृत्ती’ या शब्दाचाही विचार करावयास हवा. तो आपल्याकडे प्रवृत्तीच्या विरोधात, संसारातून मन काढून घेण्याच्या अर्थाने आला आणि मग कचेरीच्या सेवापुस्तकात जाऊन बसला. स्त्रीच्या बाबतीत दोन्ही अर्थ लंगडे पडतात. नोकरी सुटली तरी स्वयंपाकघर सुटत नाही. नातवंडांचा सांभाळ हा तर नव्याने हाती आलेला संसार. तरीही निवृत्तिवेतन स्वतःच्या नावावर जमा होते, दुपार कधी नव्हे ती स्वतःची होते, भिशीत, ग्रंथालयात, भजनी मंडळात नवे स्नेह जुळतात. ही उलथापालथ लहान नाही.

यावर एक आक्षेप येईल. पंचाहत्तरीनिमित्त पदरमोड करून छापलेली आणि आप्तेष्टांत वाटलेली आत्मवृत्ते आपण पाहतोच. मुले मार्गी लागली, नातवंडे परदेशी आहेत, परमेश्वराची कृपा, यापलीकडे त्यांत काय असते? आक्षेप खोटा नाही. पण दोष त्या वयाचा नसून आपण त्या वयाला नेमून दिलेल्या सुराचा आहे. वृद्ध स्त्रीने कृतार्थ असावे, तिची कोणाबद्दल तक्रार नसावी, ही अपेक्षा घरची असते आणि समीक्षेचीही. मग समवयस्क मैत्रिणींचे एकेक करून जाणे, मुलाच्या घरी पाहुणी होऊन राहणे, शरीराचे परके होत जाणे, आणि कधीकधी पतीच्या पश्चात वाटलेली सुटका, हे सारे शेवटच्या आभारप्रदर्शनात बुडून जाते.

अध्यापकांनी निदान तीन गोष्टी कराव्यात असे आम्ही सुचवितो. उतारे निवडताना बालपण आणि विवाह यांपुढे जाऊन उत्तरायुष्याची प्रकरणेही लावावीत. प्रत्येक आत्मचरित्राबरोबर लेखनसमयीचे वय, तेव्हाचे घर आणि तेव्हाची मिळकत यांची चर्चा करावी. आणि विद्यार्थ्यांना प्रकल्प देताना घरातल्या वा शेजारच्या आजींना लग्नाबद्दल विचारण्याआधी ‘सध्या दिवस कसा जातो?’ हे विचारावयास सांगावे. मिळेल ते उत्तर टिपून घ्यावे, सुधारून घेऊ नये. रमाबाईंच्या पुस्तकात जी तेवीस वर्षे आली नाहीत, तशी वर्षे आज अनेक घरांत चालू आहेत. ती लिहिली जावीत असे वाटत असेल, तर ती वाचावयाची तयारी आधी आपण दाखविली पाहिजे.