लांडगीची प्रार्थना आणि वाघोबाची शीव

मोगलीची गोष्ट मराठी घरांत आता इतकी रुळली आहे की, ती परभाषेतून आली हे मुलांस मुद्दाम सांगावे लागते. तिचा कर्ता रुडयार्ड किपलिंग हा १८६५ साली मुंबईस जन्मला. त्याचे 'जंगल बुक' १८९४ साली प्रसिद्ध झाले, आणि शिवनीच्या रानातला त्यातील लांडग्यांचा कळप जगभरच्या मुलांच्या परिचयाचा झाला. ह्या कळपास सभेचा खडक आहे, अकेला नावाचा नायक आहे आणि प्रत्येक पिलास शिकावा लागणारा कायदाही आहे. एवढे सर्व असल्यावर चौकस मूल पुढचा प्रश्न विचारतेच: ह्या लांडग्यांना देव असतो का? आईबाप बहुधा हसून वेळ मारून नेतात. आमच्या मते हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. म्हणून ह्या महिन्याचे पान त्यासच देत आहोत.

किपलिंगने आपल्या परीने उत्तर देऊन ठेवले आहे. १८९५ साली निघालेल्या दुसऱ्या भागात हाथी नावाचा वृद्ध गजराज दुष्काळात पाणवठ्यावर जमलेल्या जनावरांस सृष्टीच्या आरंभाची कथा सांगतो. 'था' नावाच्या आदिगजाने रान निर्माण केले व पहिल्या वाघास न्यायाधीश नेमले. त्याच वाघाने एका हरणाचा प्राण घेतला आणि रानात मृत्यूचा प्रवेश झाला. ह्या अपराधाची खूण म्हणून वृक्षवेलींनी त्याच्या अंगावर पट्टे उमटविले. पुढे मनुष्याच्या रूपाने भय आले, आणि वाघास वर्षातून एकच रात्र अशी मिळाली की, त्या रात्री मनुष्यच त्यास भितो. कथा मोठी बहारीची आहे; पण तिला बायबलातील आदिपापाचा वास येतो, हे चाणाक्ष वाचकांस सांगावयास नकोच. ह्या पुराणात वाघ हा पहिला पापी ठरतो.

लांडग्यांच्या खऱ्या कळपाविषयी शास्त्रज्ञ काय म्हणतात, तेही थोडक्यात पाहू. कळपातील बलिष्ठ नर इतरांस दाबून राज्य करतो, ही समजूत बंदिस्त आवारात कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणावरून रूढ झाली होती. डेव्हिड मेक ह्या अमेरिकी पंडिताच्या १९७० च्या ग्रंथाने तिचा पुष्कळ प्रसार केला. आणि १९९९ साली त्याच मेकने रानातील लांडग्यांच्या अभ्यासावरून सांगितले की, कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची लहानमोठी पिले. नायक म्हणजे दुसरे कोणी नसून घरातली वडील माणसे! राज्य नव्हे, कुटुंब. कुटुंबाच्या मासिकाने ह्याची नोंद घ्यावी हे योग्यच.

परंतु लांडग्याच्या देवाचे उत्तर शास्त्रज्ञांकडे मिळावयाचे नाही. ते आपल्याच घरच्या एका ग्रंथात आहे, आणि तो ग्रंथ म्हणजे ऋग्वेद. पहिल्या मंडलातील ११६ व ११७ ह्या सूक्तांत ऋज्राश्वाचा उल्लेख येतो. ह्या ऋज्राश्वाने एका लांडगीसाठी शंभर मेंढे कापले. बापास संताप आला व त्याने मुलाचे डोळे फोडले. तेव्हा त्या आंधळ्यासाठी धावा केला तो कोणी? कोणा ऋषीने नव्हे, त्याच्या मातेनेही नव्हे. लांडगीने अश्विनीकुमारांस हाक मारली, आणि त्या देववैद्यांनी ऋज्राश्वास दृष्टी परत दिली. जिला खाऊ घातले तिने उपकार स्मरला, आणि तिची वाणी देवांनी ऐकली. मौज अशी की, साधी लांडगी प्रार्थना करते हे पुढील काळच्या भाष्यकारांस रुचले नसावे. अश्विनीकुमारांचे वाहन जो गर्दभ, तोच लांडगीचे रूप घेऊन आला होता असा उलगडा सायणाचार्यांच्या भाष्यात आहे. आम्हांस मूळ सूक्तातली लांडगीच अधिक भावते.

बहुला गायीची कथा तर आपल्या आज्यांनी सांगितलेली. वासरास शेवटचे दूध पाजून परत येते असे वचन गाय देते, वाघ तिला सोडतो, ती खरोखर परत येते आणि वाघ तिला खात नाही. सत्याचे बंधन गायीस आहे आणि वाघासही आहे, असा तिचा रोख आहे. म्हणजे जनावरही धर्माच्या कक्षेत येते, हा विचार आपल्या परंपरेस परका नव्हे. फरक इतकाच की, आपल्याकडे तो पोथीत राहिला. तो चालत्या व्यवहारात पाहावयाचा असेल, तर नाशिकहून त्र्यंबकेश्वरावरून पश्चिमेस उतरणारी वाट धरावी. त्र्यंबकास धार्मिक कृत्यांसाठी जाणारे आमचे वाचक पुष्कळ असतील. त्यांपैकी पुढे मोखाडा व जव्हार गाठणारे थोडेच.

लांडगा हा कोरड्या माळाचा प्राणी. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर ह्या जिल्ह्यांच्या गवताळ रानांत धनगरांच्या मेंढरांमागे तो फिरतो. जव्हार-मोखाड्याचा मुलूख डोंगरदऱ्यांचा, मुसळधार पावसाचा. तेथे मान आहे तो वाघाचा. जव्हार हे १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे महादेव कोळी संस्थान होते. २०१४ साली पालघर जिल्हा निराळा झाला तेव्हा हे दोन्ही तालुके त्यात आले. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी अशी येथील वस्ती. पट्ट्यांचा वाघ ह्या डोंगरांतून नाहीसा झाला. आज येथे वाघ म्हणतात तो बिबट्यास. देवाचे नाव मात्र पूर्वीचेच राहिले: वाघोबा किंवा वाघदेव.

त्याचे स्थान गावाच्या शिवेवर, रानाच्या तोंडाशी, बहुधा झाडाखाली असते. लाकडाच्या वा दगडाच्या उभ्या फळीवर वाघ कोरलेला, वर चंद्रसूर्य, कोठे नागही, आणि सर्वांवर शेंदूर. कित्येक ठिकाणी तर नुसता शेंदूर फासलेला दगड. रम्या नायर, विद्या अत्रेय आदी अभ्यासकांनी मुंबई उपनगर, ठाणे व पालघर ह्या जिल्ह्यांत हिंडून अशी दीडशेहून अधिक देवस्थाने नोंदविली व आपला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध केला. देवळास भिंती नाहीत, कळस नाही. रानाची हद्द आणि गावाची हद्द जेथे मिळते तेथेच देव बसतो, ह्यात त्याचा अर्थ आहे.

वाघोबाच्या जन्माची कथा गावोगाव निराळी सांगतात. त्यांपैकी एकीचा सारांश असा. एका कुमारिकेस मूल झाले. ते मूल वाघाचे रूप घेई आणि लोकांची गुरे मारी. लोक चिडले. तेव्हा आईनेच मध्यस्थी केली: मुलाने रानात राहावे, आणि गावाने वर्षातून एकदा त्याची पूजा करून त्याचा वाटा त्यास पोहोचवावा. दोन्ही पक्षांनी हे मान्य केले, आणि तो करार आजवर चालू आहे.

ह्या कथेपाशी आमच्या वाचकभगिनींनी क्षणभर थांबावे. अविवाहित मातेचे मूल आपल्या महाभारतातही आहे. तेथे कुंतीने कर्णास पेटीत घालून नदीत सोडले, आणि त्या मौनाचे फळ कुरुक्षेत्रावर सर्वांनी भोगले. जव्हारच्या रानातील आई मूल आपले नाही असे म्हणत नाही. मुलगा हिंस्र आहे हेही ती नाकारीत नाही. ती त्यास रानात जागा करून देते आणि गावालाही शब्दात गुंतविते. कोणती माता थोर, ह्या वादात आम्ही पडत नाही. पण करार घडवून आणणारी ही स्त्री आम्हांस विलक्षण वाटते.

कराराचा दिवस कोणता? आश्विन वद्य द्वादशी. ह्या तिथीस आपण वसुबारस म्हणतो. सवत्स धेनूची पूजा करतो, गृहिणी त्या दिवशी गहू व गायीचे दूधतूप वर्ज्य करून बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी करतात. त्याच द्वादशीस जव्हार-मोखाड्यात वाघबारस असते. गावकरी शिवेवर जातात, देवास शेंदूर लावतात, नारळ फोडतात, कोंबडे देतात. सह्याद्रीपलीकडे अकोले तालुक्यात गुराख्यांची मुले त्या दिवशी खीर शिजवतात आणि एका मुलास वाघ करून त्याच्यामागे धावतात. आपण गायीचे आयुष्य मागतो, ते गायीच्या शत्रूशी बोलणे करतात. हेतू एकच की, गोठा भरलेला राहावा. किपलिंगच्या वाघाचीही वर्षातून एकच रात्र होती. पण त्या रात्री मनुष्याने घाबरावयाचे होते. येथे मनुष्य आपण होऊन नारळ घेऊन जातो.

कोंबड्याच्या बळीने आमच्यापैकी काहींच्या कपाळास आठ्या पडतील. त्यांनी एवढेच ध्यानी घ्यावे की, ज्याच्याशी व्यवहार आहे तो शाकाहारी नाही. नैवेद्य देवाच्या रुचीचा असावा, हा नियम आपल्याही स्वयंपाकघरात पाळला जातो.

ही भक्ती भीतीपोटीच आहे असे समजणाऱ्यांसाठी एक जुना दाखला देतो. डॉ. जॉन विल्सन हे मुंबईचे प्रसिद्ध स्कॉच मिशनरी. त्यांनी वारल्यांची गाठ घेऊन त्यांच्या देवाविषयी पुष्कळ प्रश्न विचारले, आणि तो वृत्तांत १८४३ साली प्रसिद्ध केला. दगड तुमचे रक्षण कसे करणार, असे पाद्रीबोवांनी विचारले असता, दगडाखेरीज तेथे आणखी काही आहे, असे त्या लोकांनी शांतपणे सांगितले. ते काय, हे आपणांस ठाऊक नाही, वडिलांनी दाखविले तसे करतो, अशी पुस्तीही जोडली. पण आम्हांस सर्वांत आवडले ते पुढचे. तुम्ही देवास कधी रागे भरता का? तर होय, भरतो! कोंबडे दिले, बकरे दिले, तरी आम्हांस मारतोस, आणखी हवे तरी काय, असे आपण त्यास सुनावतो, हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले. विठोबाशी भांडणाऱ्या आपल्या संतांची ज्यांस ओळख आहे, त्यांस ह्यात नवल वाटू नये. ज्याच्याशी करार आहे त्याच्याकडे जाब मागता येतो.

येथे आम्ही एक गोष्ट स्पष्ट करतो. पूजा केल्याने बिबट्या शेळी उचलीत नाही, असा आमचा दावा नाही; तो उचलतो. मोखाड्याच्या पाड्यावर एक शेळी गेली तर घरचा वर्षाचा मेळ बिघडतो. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे बालके कुपोषणाने दगावली, तेव्हा ह्या मुलखाचे दारिद्र्य साऱ्या देशाने पाहिले. अशा लोकांस तुमची श्रद्धा किती सुंदर, असे म्हणून स्वस्थ बसणे हा निर्दयपणा होईल. वनखात्याची नुकसानभरपाई वेळेवर हाती पडली पाहिजे, आणि त्यासाठी गरिबाला खेटे घालावे लागू नयेत.

परंतु श्रद्धेचे काम निराळे आहे. शेळी गेली तर वाघोबाने आपला वाटा नेला, किंवा ह्या वर्षी आपलेच काही चुकले, असा विचार गाव करते, आणि शिवेवर दिसलेला प्रत्येक बिबट्या गुन्हेगार ठरत नाही. तो तेथला रहिवासी आहे, हे आधीच मान्य झालेले असते. आपल्या शहरांत नेमके हेच मान्य नाही. नाशिक, पुणे, ठाणे येथे वस्तीजवळ बिबट्या नुसता दिसला तरी आपली पहिली मागणी पिंजऱ्याची असते: पकडा आणि दूर नेऊन सोडा. हा उपाय जुन्नर वनविभागात करून झाला आहे. तेथे १९९३ ते २००१ ह्या काळात बिबट्यांचे मनुष्यावर हल्ले वर्षास सरासरी ४ होत. पकडून अन्यत्र सोडण्याचा क्रम जोरात सुरू झाल्यावर, २००१ ते २००३ मध्ये, ही सरासरी १७ वर गेली. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे २०११ साली मांडले. अनोळखी रानात सोडलेला बिबट्या बिथरतो, आपल्या जागी परतू पाहतो, वाटेत माणसांच्या वस्त्या लागतात. आणि त्याची मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतोच. जेथे लहान मूल मारले गेले, त्या आईबापांस वाघोबाची कथा ऐकविण्याचे धैर्य आम्हांस होणार नाही. मनुष्यावर चटावलेले जनावर पकडलेच पाहिजे. प्रश्न आहे तो केवळ दिसलेल्या जनावराचा.

तेव्हा मुलाने लांडग्यांच्या देवाविषयी विचारले, तर त्यास ऋज्राश्वाची लांडगी सांगावी, बहुलेचा वाघ सांगावा, आणि वाघाच्या आईची ही गोष्टही सांगावी. वसुबारशीच्या संध्याकाळी ह्याहून चांगला प्रसंग मिळावयाचा नाही. ज्यांस प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा असेल त्यांनी दिवाळीच्या आधी दोन दिवस जव्हारकडे जावे. पावसाळा सरलेला असतो, भाताची कापणी कोठे चालू, कोठे आटोपलेली असते. शिवेवरील देवस्थानी जाण्यापूर्वी पाड्यावरील वडीलधाऱ्या माणसास विचारावे, आणि दिवस मावळण्याच्या आत परतावे. अंधार पडल्यावर ती वाट दुसऱ्या पक्षाची असते.