न्हाव्याची वाटी थंड का?

‘बिनपाण्याने हजामत करणे’ हा वाक्प्रचार ज्या भाषेत रूढ आहे, ती भाषा बोलणारांस पाण्यावाचून फिरणाऱ्या वस्तऱ्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नसावी. एखाद्याची पुरती फजिती करण्यासाठी आपल्या पूर्वजांनी नेमकी हीच उपमा निवडली, यातच सारे आले. असे असता त्याच समाजाच्या देवालयांच्या आवारात, ऐन मंगलकार्याच्या दिवशी, न्हाव्यापुढे थंडगार पाण्याची वाटी सरकवून देण्याचा प्रघात टिकून राहावा, याचे आम्हांस नवल वाटते. आणि नवलाहून अधिक खेद वाटतो.

आम्ही कशाविषयी लिहीत आहोत ते वाचकांस अपरिचित नसेल. माघातली पहाट आहे. सामुदायिक मुंजींचा बेत आहे. आचाऱ्यांच्या चुलाणावर पाण्याची हंडी खदखदत आहे. यजमान मंडळींच्या स्नानासाठी भाणातले कढत पाणी उपसले जात आहे. आणि मागील अंगणात, नळाजवळ, म्हालो – देशावर ज्यास न्हावी किंवा नाभिक म्हणतात तो – वाटीभर गार पाण्यावर एकामागून एक बटूंची डोकी करीत आहे. पहिल्या मुलाच्या वाट्यास निदान ताजा फेस येतो. तिसऱ्याच्या डोक्यावर तो गारठलेला असतो आणि पाचव्याच्या डोक्यावर वाळू लागलेला असतो. मूल रडू लागले की वडीलधारी मंडळी डाफरतात ती मात्र न्हाव्यावर. दोष हाताचा नसून वाटीचा आहे, आणि ती वाटी आपणच दिलेली आहे, हे कोणी लक्षात घेत नाही.

ऊन पाणी ही न्हाव्याची चैन नव्हे. ते त्याच्या कामाचे अर्धे अंग आहे. केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. कोरडा केस राठ व चिवट; तोच पाणी शोषून घेतल्यावर मऊ होतो आणि तो कापण्यास पुष्कळच कमी जोर लागतो. पाणी ऊन असेल तर ही क्रिया लवकर घडते. साबणाचा फेस येथे दोन कामे करतो: केसांतले पाणी तो उडून जाऊ देत नाही आणि पाते कातडीवरून घसरते ठेवतो. परंतु फेस म्हणजे बहुतांशी हवाच. त्याच्या अंगी उष्णता साठविण्याची शक्ती फारच थोडी. उघड्यावर, वाऱ्यात, तो पाहता पाहता निवतो. गार फेसाने अंगावर काटा उभा राहतो, कातडी खडबडीत होते, मूल अंग आखडते, आणि तेथेच पाते लागते. साबण आपल्याकडे येण्यापूर्वी न्हावी वाटीतल्या पाण्यात बोटे बुडवून दाढी कितीतरी वेळ चोळीत असे, तो केस भिजावा म्हणूनच. ज्यांस ते चोळणे वेळकाढूपणाचे वाटे, त्यांस त्या विद्येचे मर्म कळलेच नव्हते.

फेस ऊन राखणे तरी असे काय मोठे दुर्घट आहे? रुंद तोंडाच्या भांड्यात कढत पाणी घ्यावे आणि फेसाची वाटी त्यात निम्मी बुडेल अशी ठेवावी. पातळ पितळेची वाटी लवकर तापते तशीच लवकर निवते. जाड मातीची किंवा चिनी मातीची वाटी आधी ऊन पाण्याने तापवून घेतली की बराच वेळ ऊब धरते. ब्रश वापरावयाचा असेल तर तो दोन-चार मिनिटे ऊन पाण्यात भिजू द्यावा, कारण उबेचा खरा साठा फेसात नसून ब्रशाच्या केसांत मुरलेल्या पाण्यात असतो. फेस एकदम पुष्कळ न करता थोडा थोडा करावा. पाणी मात्र कढत न लावता कोमटच लावावे. अति तापलेल्या फेसाचे पाणी होते आणि कातडी पोळते. मनगटावर थेंब टाकून पाहिला की पुरे. एवढ्या गोष्टींस लागते काय? एक भांडे आणि चुलाणावरचे चार तांबे पाणी.

हे चार तांबे का मिळत नाहीत, असे विचारले की उत्तर ठरलेले: सोवळे! क्षौर अशुद्ध, ते स्नानापूर्वीचे कर्म. न्हाव्याचा हात लागलेल्या भांड्यात भाणातले पाणी कसे ओतावे? धर्माचे नाव पुढे आले म्हणून आम्ही धर्मग्रंथाकडेच वळतो. आपल्यातील ऋग्वेदी घराण्यांचे संस्कार ज्या आश्वलायन गृह्यसूत्राच्या परंपरेने होतात, त्या ग्रंथातील चौलसंस्काराचे प्रकरण आक्षेपकांनी उघडून पाहावे. वस्तरा लावण्यापूर्वी थंड आणि ऊन पाणी एकत्र ओतावयास तेथे सांगितले आहे. त्या पाण्याने आणि लोणी किंवा दही यांनी बालकाचे मस्तक तीन वेळा भिजवावयाचे आहे. एवढेच नव्हे, तर पुढे न्हाव्यास जी आज्ञा द्यावयाची तिचा आशयही हाच की, समशीतोष्ण पाण्याने काय करावयाचे ते कर आणि बालकास इजा न होऊ देता त्याचे केस नीट कर. ज्या सूत्रकाराने न्हाव्याच्या हाती कोमट पाणी दिले, त्याच्याच अनुयायांनी ते त्याच्या हातून काढून घ्यावे आणि वर त्यास शुद्धाचार म्हणावे, यास काय म्हणावे? क्षौरानंतर स्नान करावे, हा नियम आम्हांस मान्य आहे. क्षौरापूर्वी पाणी गार असावे, असा नियम कोणी दाखवून द्यावा.

दुसरा पक्ष आधुनिकांचा. ते म्हणतात, आता दाबाच्या डब्यातून तयार फेस निघतो, मग भांडी-वाट्यांचा खटाटोप कशास? त्या डब्यांशी आमचे वैर नाही. घाईच्या माणसास ते उपयोगी आहेत. परंतु त्यांत आयसोब्युटेन, प्रोपेन यांसारखे वायू दाबाने द्रवरूप करून भरलेले असतात. बाहेर पडताच त्यांची वाफ होते आणि त्या वाफेस लागणारी उष्णता फेसातूनच घेतली जाते. म्हणून तो फेस मुळातच गार निघतो. तेव्हा डबा आणला म्हणून ऊन पाण्याची गरज संपली असे होत नाही. डोके आधी ऊन पाण्याने भिजविणे उलट अधिक अगत्याचे होते.

तिसरा आक्षेप मात्र आम्ही आदराने ऐकतो. एकाच वाटीतून अनेकांची डोकी केल्यास रोग पसरणार नाहीत काय? अवश्य पसरतील. कोमट पाण्याने जंतू मरत नाहीत, आणि हिपॅटायटिस बी व सी यांसारखे यकृताचे विकार रक्त लागलेल्या पात्यातून एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. म्हणून प्रत्येक मुलास नवे पाते, नवा फेस आणि वाटीत नवे पाणी हवे. सर्वांवर एकच ब्रश फिरविण्यापेक्षा न्हाव्याने साबणाने हात धुऊन बोटांनीच फेस लावावा. परंतु हा आक्षेप ऊन पाण्याविरुद्ध नाही, कंजूषपणाविरुद्ध आहे. गार पाण्याच्या एका वाटीत बारा मुले उरकणारांस तो अधिकच लागू पडतो.

संत सेना न्हावी यांची कथा आपण कीर्तनात डोळे पुसत ऐकतो. भक्त पूजेत रमला म्हणून प्रत्यक्ष पांडुरंग त्याची धोकटी घेऊन राजाच्या सेवेस गेला, असे बुवा सांगतात आणि आपण माना डोलावतो. कीर्तन संपले की त्याच धोकटीच्या वारसास मागील दाराने बोलावून गार पाण्यावर बसवितो. देवाने जी धोकटी खांद्याला लावली तिची आपणांस लाज वाटते, आणि ही विसंगती मात्र खुपत नाही!

देवस्थानांच्या समित्यांस आमचे मागणे फार मोठे नाही. मंगलकार्याची यादी करताना फुले, केळीची पाने आणि वाजंत्री यांच्या जोडीने एक ओळ न्हाव्यासाठी लिहावी: बसावयास छायेची जागा, सतत ऊन पाणी, दोन स्वच्छ भांडी, मुलांच्या संख्येइतकी पाती आणि कामाच्या आधी ठरविलेला योग्य मोबदला. हे दान नव्हे; आपणच ज्यास संस्काराचा अधिकारी कारागीर मानले त्याचे ते देणे आहे. पुढल्या मुंजीच्या दिवशी न्हाव्याने पाणी मागण्याची वाट पाहू नये. भाणातले पहिले चार तांबे त्याच्या भांड्यात ओतावे, आणि मग स्नानास जावे.