पाण्याच्या बातमीचा खर्च कोण करणार?

सदाशिव पेठेत नळ उघडला की खडकवासल्याचं पाणी येतं. त्याच साखळीतल्या चार धरणांवर दौंड-इंदापूरची शेतीही आहे. २०१७ आणि २०२१ मध्ये मिळून ३४ गावं महापालिकेत आली, तिथे कित्येक ठिकाणी अजून टँकरची वाट बघतात.

आवर्तन ठरतं कालवा सल्लागार समितीत. आम्ही पत्रकार दाराबाहेर. छापतो ते मंत्र्यांचं निवेदन. टँकरपाशी उभ्या बाईला, टेलच्या शेतकऱ्याला विचारायचं तर दोन दिवस जातात, पेट्रोल जातं. आणि आम्हाला मानधन बातमीमागे, दिवसामागे नाही.

म्हणून पाण्यावर लिहिणाऱ्यांना अनुदान हवंच. पण अर्ज मराठीत चालावा, आणि ज्याच्यावर लिहायचं त्याचाच पैसा नको. पटतंय का?