साठीनंतरचा हजेरीपट

कोल्हापूरजवळच्या आमच्या कळंब्यात 'आजीवन' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याची नजर आधी तुरुंगाच्या भिंतीकडे जाते. मध्यवर्ती कारागृह ही आमच्या गावची खूण आहे. रिक्षावाल्याला पत्तासुद्धा 'जेलच्या अलीकडं' नाहीतर 'जेलच्या पलीकडं' असाच सांगावा लागतो, आणि भिंतीआडच्या कित्येकांच्या नावापुढे आजीवन कारावास लिहिलेला असतो. म्हणून शिवाजी विद्यापीठात 'आजीवन अध्ययन व विस्तार' नावाचा एक विभाग आहे, असं मी तळ्याकाठी सकाळच्या फेरीत सांगितलं तेव्हा आमच्यातले एक आबा म्हणाले, "म्हंजे शिकायचीबी जन्मठेपच की ओ मास्तर!"

सगळे हसले, मीही हसलो. घरी येताना मात्र ते वाक्य पायात काट्यासारखं सलत राहिलं. शिक्षण म्हणजे एक शिक्षा, ती वयाच्या विशीत भोगून झाली, सुटका झाली, आता पुन्हा आत कशाला जायचं, असं एक पक्कं मत त्या विनोदाच्या पोटात होतं. आबा एकटे नाहीत. विद्यापीठानं निवृत्तांसाठी रीतसर वर्ग चालवावेत, तिथं शिकवावं आणि शिकलेल्या गोष्टीचं गावासाठी कामही त्यांच्याकडून करून घ्यावं, एवढीच माझी मागणी आहे. ती ऐकून हसणारे पुष्कळ भेटले. एका महाविद्यालयात मी स्वतः चौकशीला गेलो होतो. भूगर्भशास्त्राच्या वर्गात बसायची माझी फार दिवसांची इच्छा. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "नातवाची ॲडमिशन का?" मी म्हटलं, "माझी." त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्याला हाक मारली.

आता आक्षेपांकडे वळू. सगळ्यात जुना आक्षेप म्हणीच्या रूपात येतो : साठी बुद्धी नाठी. ही म्हण कुणी रचली ठाऊक नाही, पण घरातल्या किल्ल्या ज्याला हव्या होत्या त्यानंच ती पसरवली असावी असा मला दाट संशय आहे. महर्षी कर्वे १८५८ साली जन्मले, १९१४ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त झाले आणि १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ उभं केलं. तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. बरोबर ज्या वयात आज राज्य सरकार आपल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना नारळ देतं, त्या वयात. पुढे १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं. कुणी म्हणेल, कर्वे अपवाद होते. मान्य. मग अपवाद नसलेली माणसं बघा. कुठल्याही सप्ताहात जा. सत्तरीतली म्हातारी माणसं मांडी घालून ज्ञानेश्वरीचं पारायण करतात. नऊ हजारांवर ओव्या, सातशे वर्षांपूर्वीची मराठी, सात दिवस. ते वाचन सगळ्यांना मानवतं. त्याच माणसानं त्या मराठीचं व्याकरण शिकायचं म्हटलं की मात्र त्याची बुद्धी नाठी होते! ही बुद्धी वार बघून चालते की काय?

'आता रामकृष्णहरी म्हणावं' हा दुसरा आक्षेपही याच पारायणानं निकालात निघतो, कारण तिथं हरिनाम आणि वाचन एकत्रच चालतं. आणि ज्यांना वानप्रस्थाची आठवण होते त्यांना एवढंच सांगतो की अरण्यात गेलेल्या माणसांच्या नावावर आरण्यकं आहेत. ती माणसं तिथं जाऊन गप्प बसली नव्हती.

साठी गाठलेल्या माणसापुढे आपल्या देशात आज सरासरी सतरा-अठरा वर्षं असतात. पहिलीपासून पदवीपर्यंतची वर्षं मोजा, पंधरा भरतात. म्हणजे आयुष्यातला एक संपूर्ण शिक्षणक्रम मावेल आणि वर दोन-तीन वर्षं उरतील एवढा काळ आपण 'उरलेले दिवस' या नावानं खर्ची टाकतो. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं सुमारे साडेदहा कोटी होती, आणि महाराष्ट्रात दर शंभरात जवळजवळ दहा. हा आकडा तेव्हाचा आहे. त्यानंतर तो वाढलेलाच असणार.

आक्षेपांतला खरा वजनदार आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मला एका डी.एड. झालेल्या पोरानं तोंडावर सुनावला. "काका, आमाला जागा न्हाईत आनि तुमाला हौस?" त्याच्या रागामागे इतिहास आहे. २०२३ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना वीस हजारांवर कंत्राटी नेमायचा निर्णय सरकारनं काढला, तेव्हा भरतीची वाट बघत बसलेली हजारो पोरं खवळली. त्यांचं चुकलं नव्हतं. मी स्वतः प्राथमिक शिक्षक होतो. मला कुणी तशी ऑर्डर दिली असती तर मी घेतली नसती, असं आज म्हणणं सोपं आहे, पण तरी म्हणतो. ज्याला पेन्शन आहे त्यानं बेरोजगार पोराच्या ताटात हात घालू नये. म्हणून माझ्या मागणीत एक अट मी आधीच घालतो : ज्या कामासाठी मंजूर पद आहे, ते काम सेवेच्या नावाखाली निवृत्ताकडून करून घ्यायचं नाही. सरकारला फुकटचे हात मिळाले की सरकार भरती विसरतं. स्वयंसेवा ही भरतीची पळवाट होणार असेल तर माझा हा लेख फाडून टाका.

पण ज्या कामांना पदच नाही, त्यांचं काय? आणि अशी कामं किती आहेत!

मोडीचंच घ्या. कोल्हापुरात राज्य पुराभिलेखागाराचं कार्यालय आहे, संस्थानकाळातली मोडी दप्तरं तिथं रुमालांत बांधून ठेवलेली आहेत. गावोगावच्या जुन्या पेट्यांत, देवळांच्या कोठ्यांत किती कागद आहेत याचा तर हिशेबच नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, जिल्ह्याजिल्ह्यांत दप्तरं उघडली गेली, आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आलं की कागद आहेत पण वाचणारा माणूस नाही. मोडी जाणणारे शोधत फिरायची वेळ प्रशासनावर आली. जी लिपी आपल्या पणजोबांच्या सही-शिक्क्याची, तिच्यासाठी ही धावाधाव.

आता मोडी शिकायला कोण योग्य? मुळाक्षरं विशीतला पोरगाही महिन्या-दोन महिन्यांत शिकेल, कदाचित माझ्यापेक्षा लवकर. पण मोडीत आधी रेघ ओढायची, मग लेखणी शक्यतो न उचलता लिहीत जायचं. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो. अक्षर ओळखून भागत नाही, कागदात काय असू शकतं याचा अंदाज लागतो. इनाम, जमाबंदी, चावडी, पाटीलकी, फेरफार, हिस्सेवाटणी हे शब्द ज्याच्या हाताखालून तीस वर्षं गेले, तो निवृत्त तलाठी किंवा महसूल खात्यातला अव्वल कारकून अर्धवट पुसलेली ओळसुद्धा पुरी करतो. त्याचं वय इथं अडचण नाही, भांडवल आहे. त्याला विद्यापीठानं सहा महिने लिपी शिकवावी आणि त्यानं आठवड्यातून दोन दिवस दप्तराच्या याद्या कराव्यात, गावच्या माणसाला त्याचा कागद वाचून दाखवावा. शिकणं आणि राबणं एकाच पावतीवर. निवृत्तांच्या शिक्षणाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते सगळं या एका उदाहरणात आहे. नुसतं शिकवलंत तर तो वेळ घालवायचा कार्यक्रम होईल, आणि नुसतं राबवलंत तर ती वेठबिगारी होईल.

दुसरं उदाहरण कळंबा रोडवरच्या आयटीआयचं. उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेला टर्नर हाताच्या बोटानं जॉबवरचा खडबडीतपणा सांगतो. हे ज्ञान पुस्तकात नाही आणि त्याच्याबरोबर जाणार आहे. पण त्याला संगणकावर चालणारं मशीन येत नाही. त्याला ते शिकू द्या, आणि तो पोरांना बोटांची भाषा सांगेल. निदेशकाच्या खुर्चीवर त्याला बसवू नका, शेजारी उभा करा. आमचं तळंही आहेच. त्याच्यात काय वाहून येतं, गाळ किती, पाणी कुठल्या महिन्यात किती उतरतं, याची रोजची वही ठेवायला निवृत्त पाटबंधारेवाल्यापेक्षा चांगला माणूस कोण? तो तसाही रोज सकाळी तिथं चालायला येतोच.

'एवढं सगळं ज्येष्ठ नागरिक संघात होतं की' असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. संघांमुळेच कित्येक एकटी माणसं जगली आहेत. पण संघात वाढदिवस होतात, सहली होतात, रक्तदाब तपासला जातो, एखादं व्याख्यान होतं आणि व्याख्यात्याला शाल दिली की विषय संपतो. गृहपाठ कुणी देत नाही. चूक कुणी दाखवत नाही. आणि माझ्या वयाच्या माणसाची खरी उपासमार तिथंच आहे. आता आम्हाला कुणी चूक म्हणतच नाही, नुसतं 'हो हो आजोबा' म्हणतं.

जगात हे कुठं झालं का, असं विचारणारे असतात, म्हणून थोडक्यात सांगतो. फ्रान्समध्ये तुलूझला पिएर व्हेला या प्राध्यापकांनी १९७३ मध्ये विद्यापीठाच्या छत्राखाली 'तिसऱ्या वयाचं विद्यापीठ' सुरू केलं. ते ब्रिटनमध्ये पोचलं तेव्हा, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, केंब्रिजच्या मंडळींनी त्याचं रूप पालटलं : परीक्षा नाही, पदवी नाही, सदस्यांनीच एकमेकांना शिकवायचं. न्यूयॉर्कमध्ये तर निवृत्त शाळामास्तरांनी पुढाकार घेऊन १९६२ मध्येच एका विद्यापीठात आपली जागा करून घेतली होती. १९६२ हे साल आपल्यालाही ओळखीचं आहे. त्या वर्षी ९ नोव्हेंबरला कर्वे वयाच्या एकशे चारव्या वर्षी गेले आणि नऊ दिवसांनी, १८ नोव्हेंबरला, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं.

ब्रिटनची स्वयंभू तऱ्हा मला आवडते, पण इथं ती चालणार नाही असं माझं मत आहे. आपल्याकडे ओळखपत्राशिवाय माणसाला दार उघडत नाहीत. विद्यापीठाचा शिक्का, गळ्यातलं कार्ड आणि बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात बसायची मुभा, एवढं मिळालं तर सूनसुद्धा म्हणेल, 'मामांजी कॉलेजला गेलेत.' त्या वाक्याची किंमत घरात बसलेल्यालाच कळते.

पैशाचा प्रश्न मी टाळत नाही. ज्याला पेन्शन आहे त्यानं फी भरावी, कमी नव्हे, पुरती. सकाळी आणि रविवारी रिकाम्या असणाऱ्या खोल्या वापराव्यात. आणि वर्ग फक्त विद्यानगरच्या आवारात नकोत. कळंब्यातून तिथं जायचं म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला जाणं. गुडघे धरलेल्या माणसाला ते जमत नाही. ग्रामपंचायतीच्या सभागृहात किंवा शाळेच्या एखाद्या वर्गात ते भरावेत. कायद्यानं अडवलेलं नाही. उलट महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नं आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ हे विद्यापीठाचं एक प्राधिकरण म्हणूनच नेमून दिलं आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रौढ शिक्षण व आजीवन अध्ययनावर एक अख्खं प्रकरण आहे. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात तर शिक्षणाचा हक्क आणि वार्धक्यातलं साहाय्य हे दोन्ही एकाच वाक्यात आले आहेत. आपण त्यातलं साहाय्य तेवढं उचललं.

एक गोष्ट मलाच माझ्या मागणीविरुद्ध बोलायची आहे. 'निवृत्त' हा शब्द लबाड आहे. निवृत्त कोण होतो? ज्याला नोकरी होती तो. कळंब्यातला शेतकरी कधी निवृत्त होत नाही, आणि माझी बायको तर नाहीच. मी घरी बसल्यापासून तिचं काम वाढलं आहे. नातवंडं शाळेतून आली की तिचा दिवस परत सुरू होतो. तिला विचारलं, तू येशील का वर्गाला, तर म्हणाली, "भाकरी कोन थापणार?" ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावी २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारीतल्या, पाटी घेतलेल्या आज्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. आपल्याला ते फोटो गोड वाटले. पण त्या गोड दिसण्यासाठी बसल्या नव्हत्या, सहीला अंगठा नको म्हणून बसल्या होत्या. तेव्हा प्रवेशाच्या अर्जावर 'निवृत्तीचा दिनांक' असा रकाना नको, 'वय' एवढाच असावा. आणि वर्गाची वेळ भाकरीच्या वेळेनंतरची.

ज्या तुरुंगावरून आबांनी कोटी केली, त्याबद्दल शेवटी एक. आपल्या राज्यातल्या कारागृहांत बंदी मुक्त विद्यापीठांच्या पदव्या घेतात, आणि घ्याव्यातच. भिंतीच्या आतल्या माणसाला आपण विद्यार्थी व्हायचा हक्क दिला. बाहेरच्या बाकावर बसलेल्या आबांना अजून कुणी विचारलेलं नाही.

म्हणून मीच एक अर्ज लिहिला आहे. विद्यापीठाच्या नावे साधं पत्र आहे : कळंब्यात मोडीचा वर्ग काढा, पंचवीस जण यायला तयार आहेत. खाली अकरा सह्या झाल्या आहेत, आठवी आबांची. रोज सकाळी सहाला मी तळ्यावर असतो आणि कागद माझ्या पिशवीत असतो. अजून चौदा सह्या हव्या आहेत.