चव चांगली, सही केली

शिक्षक मित्रांनो, आपल्या शाळेची पोषण आहाराची चव नोंदवही एकदा उघडून बघा. पानच्या पानं एकच शब्द, 'चांगली'. शाई तीच, अक्षर तेच. एखाद्या ठिकाणी तर रविवारच्या रकान्यातही 'चांगली'! हसू नका. महिनाअखेरीला एका बैठकीत अशी पानं मीही भरली आहेत.

पण ही चव घ्यायची कशासाठी? 16 जुलै 2013 रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावच्या शाळेत दुपारचं जेवण जेवून 23 मुलं दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस होतं. आपल्याकडे कपाशीवर फवारलं जायचं तेच. तेलाला वास येतोय असं स्वयंपाकीणबाई म्हणाल्या होत्या, असं त्या वेळी बातम्यांत आलं होतं. मुलांच्या आधी मोठ्या माणसाने घास घ्यायचा तो एवढ्यासाठी. तो घास न घेताच 'चांगली' लिहिलं तर वही पूर्ण होते, ताट मात्र कोणीच तपासलेलं नसतं.

माझ्या मते नोंद म्हणजे 'आज तेलाला वास येत होता, ते वापरलं नाही, दुसरं आणलं' असं लिहिणं. हे लिहायला आपण घाबरतो, कारण उद्या खुलासा मागतील ही भीती. भीती खोटी नाही. भेटीला येणारे साहेब विचारतात, "रजिस्टर पूर्ण आहे का?" खरं तर वर्षभर एकही तक्रार नसलेली वही दिसली की त्यांनी आधी तीच उघडायला हवी.

आता आमच्या शाळेतली गोष्ट. दोन वर्षांपूर्वी दुसरीची एक मुलगी हात धुताना घसरली, कपाळाला खोक पडली. पालक विचारू लागले, "याआधीही पोरं पडलीत ना इथं?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. पडली होती, पण किती आणि कधी ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग एक साधी शंभर पानी वही घेतली. तारीख, वेळ, जागा, काय झालं, काय केलं, बस्स. गुडघा खरचटला तरी लिहायचं, आणि लागलं नाही, नुसता पाय सरकला, तरीही लिहायचं. महिन्याभरात 11 नोंदी झाल्या, त्यातल्या 7 नळाजवळच्या, सगळ्या जेवणाच्या सुट्टीतल्या. फरशी गुळगुळीत आणि सांडपाणी तिथेच तुंबलेलं. रोज त्याच फरशीवरून जात होतो आपण!

ती वही शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवली. यापूर्वी तोंडी दोनदा सांगून झालं होतं, तेव्हा 'बघू' एवढंच उत्तर मिळालं होतं. या वेळी अध्यक्षांनी पान उलटून पाहिलं आणि गवंडी बोलावला. त्याने फरशी छिन्नीने खरबरीत केली, पाण्याला वाट काढून दिली.

त्यानंतर नळाजवळच्या दोनच नोंदी आहेत. त्यातली एक माझी स्वतःची, पाय सरकल्याची. तीही लिहिली आहे.