पैसा मार्चचा, गळती जूनची

शाळेला अनुदान किती मिळाले, यावर विधानसभेपासून गावच्या पारापर्यंत चर्चा होते. ते कोणत्या महिन्यात मिळाले, हे सहसा कोणी विचारत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या द्विशिक्षकी शाळांचा कारभार सांभाळून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या मुख्याध्यापकाला मात्र रकमेपेक्षा तारखेनेच जास्त छळले.

‘समग्र शिक्षा’ ही २०१८ पासूनची योजना. केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४० टक्के. तिच्यातले संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते : ३० मुलांपर्यंत १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेसाठी. उरलेल्यात वीजबिल, खडू, रजिस्टरे, नळाची तोटी आणि छपराची डागडुजी. पट ३१ असताना दोन मुले आईबापांबरोबर मुंबईला गेली, तर शाळेचे १५ हजार जातात. छप्पर मात्र तेवढेच राहते.

पूर्वी ही रक्कम शाळेच्या खात्यावर जमा होई. १ जुलै २०२१ पासून प्रत्येक केंद्र पुरस्कृत योजनेचा पैसा राज्याच्या एकाच मुख्य खात्यात राहू लागला. शाळेचे खाते शून्य शिलकीचे. तिला मिळते ती फक्त खर्चाची ‘लिमिट’. आधी दुकानदाराची पीएफएमएस या सरकारी पोर्टलवर नोंदणी, मग बिल भरणारा मेकर, मग ते तपासणारा चेकर, मग पीपीएची म्हणजे बँकेला द्यायच्या सूचनापत्राची प्रिंट, तिच्यावर सह्या आणि तो कागद घेऊन तालुक्याच्या बँकेत. या बदलामागचे कारण मला पटते. हजारो खात्यांत पैसा पडून असायचा आणि सरकार तिकडे व्याजाने कर्ज काढायचे.

पण मी पाहिले ते असे, की लिमिट यायची जानेवारीनंतर, कधी कधी तर मार्चचा पंधरवडा उलटल्यावर. ३१ मार्चला न खर्चलेली लिमिट परत. म्हणजे वर्षाचा खर्च पंधरा दिवसांत.

आता कोकणातली शाकारणी घ्या. कौले उतरवणे, रिपा बदलणे हे काम मे महिन्यात, मृगाच्या आधी करायचे. मार्चमध्ये वर्ग भरलेले असतात आणि गडी आंबा-काजूत गुंतलेले. मेमध्ये होणाऱ्या कामाचे पैसे मार्चमध्ये देता येत नाहीत, कारण बिलावर ‘काम पूर्ण’ असावे लागते. मग मुख्याध्यापकापुढे दोन वाटा : पैसे परत जाऊ द्यायचे, नाहीतर न झालेले काम झाले म्हणून लिहायचे. तिसरी, सोयीची वाट म्हणजे दुकानात तयार मिळेल ते घेणे. म्हणून कित्येक शाळांत खुर्च्या नव्या दिसतात आणि भिंतींना ओल दिसते. खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र मात्र स्वच्छच असते. जून ते जानेवारीचा खर्च गुरुजींच्या खिशातून किंवा दुकानदाराच्या उधारीवर भागतो, त्याची नोंद कुठल्याच कॅशबुकात नसते.

‘मुख्याध्यापकांना नियोजन जमत नाही’ असे कार्यालयात ऐकवले जाते. शिक्षण हक्क कायद्याने शाळा विकास आराखडा करण्याचे आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीला दिले आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला. रक्कम कधी हाती येणार हेच ठाऊक नसेल, तर या पालकांनी आराखडा कशाच्या भरवशावर करायचा? आमच्या सभांत आया नेमके सांगायच्या : आधी छप्पर, मग मुलींच्या संडासाला पाणी. त्यांचा क्रम बरोबर असायचा. मार्चच्या घाईत तोच उलटायचा.

जादा पैसे न देताही हे सुधारता येईल. आदल्या वर्षी यू-डायस या शाळा-माहिती प्रणालीत नोंदलेल्या पटावरून निम्मी लिमिट जूनमध्ये द्यावी. दुरुस्तीची लिमिट ३० जूनपर्यंत जिवंत ठेवावी. पैसा मुख्य खात्यातच राहणार असल्याने शाळेत पडून राहण्याची भीतीही नाही. आणि लिमिट कोणत्या तारखेला आली, हे खर्चाच्या हिशेबाशेजारी फलकावर लिहिणे सक्तीचे करावे. शाळेने उशीर केला की तिला नोटीस येते. वरून झालेला उशीरही गावाला दिसू द्या.